फुकट होडीचा कोड

मित्रांनो, मी एक जुना कोड आहे. जुना म्हणजे किती, तर पावणेदोन वर्षांचा. तुम्हाला हसू येईल, पण आमच्या जातीत बहुतेकजण तीन दिवसांत संपतात, त्यामुळे मला म्हातारा म्हणायला हरकत नाही. माझं नाव म्हणजे सहा अक्षरं आणि तीन आकडे. ते मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातला एक तरी लगेच टाइप करून बघणार आणि मग मलाच शिव्या घालणार. तो अनुभव मी पोटभर घेतला आहे.

मी नक्की काय आहे, हे मला स्वतःला अजून उमगलेलं नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन नाही. रुमाल कुणाला दिला की तो देणाऱ्याच्या खिशातून जातो. मला दिलं तरी मी देणाऱ्याकडे असतोच, आणि घेणाऱ्याकडेही असतो. एकाच वेळी मी हजार फोनांत असतो, कुणाच्या वहीच्या मागच्या पानावर असतो, कुणाच्या तळहातावर पेनाने लिहिलेला असतो. मग त्यातला खरा मी कोणता? या प्रश्नाने माझं डोकं अनेकदा भणाणलं आहे, आणि डोकंही मला नाही.

माझा जन्म ब्रिस्बेनचा. थीया नावाच्या एका बाईने एकटीने एक खेळ बनवला होता, 'माझं बेट' नावाचा. खेळात प्रत्येकाला एक छोटं बेट मिळतं. तिथे अळू लावायचं, डुकरं पाळायची, नारळ सोलायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. दुसऱ्याच्या बेटावर जायचं असेल तर मात्र होडी लागते. होडी फार महाग. शिंपले म्हणजे तिथले पैसे; तेवढे साठवायचे तर दोन महिने रोज नारळ सोलत बसावं लागतं, आणि तोवर बोटांची पार वाट लागते.

एका गुरुवारी हा खेळ दिवसभर बंद पडला. पोरांची डुकरं उपाशी राहिली, अळू सुकून गेलं. थीयाला इतके राग राग करणारे निरोप आले की बिचारीने रात्रभर जागून सगळं दुरुस्त केलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, टोस्ट खाता खाता, तिने मला टाइप केलं आणि खाली लिहिलं, "चूक माझीच होती. हा कोड टाका, प्रत्येकाला एक होडी फुकट. तीन दिवस चालेल." एवढं करून ती खुर्चीतच झोपली. म्हणजे माझा जन्मच मुळी कुणाची तरी माफी मागण्यासाठी झालेला आहे. हे मला बरंच नंतर कळलं.

पहिल्या दिवशी माझी काय चंगळ होती म्हणून सांगू! सुवापासून होबार्टपर्यंत पोरं मला टाइप करत होती. मला चौकटीत भरलं की पडद्यावर हिरवी अक्षरं यायची, ढोल वाजायचा आणि धक्क्याला नवीकोरी होडी लागायची. पोरं ओरडायची, "मिळाली, मिळाली!" पण मित्रांनो, धन्यवाद थीयाला, टाळ्या होडीला, आणि मला काय? एकदा टाकला की संपलं. त्याच पोराने मला दुसऱ्यांदा टाकलं तर खेळ म्हणायचा, "हा कोड तुम्ही वापरला आहे." मी तर तसाच्या तसा होतो, एक आकडाही झिजला नव्हता. वापरला म्हणजे काय केलं, हे मला समजेना.

दुसऱ्या दिवशी मी एसेताच्या हाती लागलो, आणि तिथून माझी खरी गोष्ट सुरू होते.

एसेता बारा वर्षांची. ती आणि तिची मावसबहीण मासिना, दोघी सामोआत, उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात आजीजवळ लहानाच्या मोठ्या झालेल्या. आजीचं नाव फुआतिनो. आजीच्याच फोनवर दोघी 'माझं बेट' खेळायच्या. एक बेट, एक वाफा आणि नारळ सोलून सोलून घेतलेली एक होडी. होडी घेताना खेळाने नाव विचारलं तेव्हा दोघींनी एसेताचं टाकलं, कारण ती सहा महिन्यांनी मोठी.

मग एसेताच्या आईला, पेनीनाला, समुद्रापलीकडच्या पागो पागोला मासळीच्या कारखान्यात काम मिळालं आणि ती लेकीला घेऊन तिकडे निघाली. तिकडे गेल्यावर एसेताला स्वतःचा फोन मिळणार होता. निघायच्या आदल्या दिवशी तिने खेळात स्वतःचं वेगळं बेट घेतलं, आणि तिच्या नावावरची होडी आपोआप तिच्यामागे गेली. एसेताने मुद्दाम केलं नव्हतं. पण मासिनाने फोन उघडला तर धक्का रिकामा. ती इतकी चिडली की दुसऱ्या दिवशी बहीण विमानतळाकडे निघाली तेव्हा ही अंगणातल्या नीरफणसाच्या झाडावर चढून बसली आणि खाली आलीच नाही. एसेता झाडाखाली उभी राहून हाका मारत होती. शेवटी पेनीनाने तिला ओढत गाडीत बसवलं.

त्याला तीन आठवडे झाले होते. एसेताने सात निरोप पाठवले होते, मासिनाने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. आता राग ओसरला होता, पण इतके दिवस गप्प राहिल्यावर बोलायचं कुठून, हे तिला कळत नव्हतं. ही अडचण मला नीट समजली, कारण मीही कायम सुरुवात कुठून करावी या विचारात असतो.

आठवा निरोप घेऊन मी गेलो. एसेताने लिहिलं होतं, "मासिना, तुझी होडी माझ्याकडे आली, मला लाज वाटते. हा कोड टाक, तुला तुझी नवी होडी मिळेल. ती घे आणि माझ्या बेटावर ये. कोड रविवारी संध्याकाळी सहाला बंद होतो. तोपर्यंत मी धक्क्यावर बसून वाट बघते. तुझा अर्धा वाफा मी रिकामा ठेवलाय. इथल्या वर्गातली एक मुलगी तो मागतेय. तू आली नाहीस तर मी समजेन की तुला आता मी नकोच आहे, आणि वाफा तिला देऊन टाकेन."

मासिनाने हा निरोप वाचला तेव्हा शनिवार होता आणि पावणेसहा होत आले होते. तिचे डोळे भरून आले. ती चौकट उघडणार, इतक्यात गावात शंख वाजला. संध्याकाळच्या प्रार्थनेचा पहिला शंख झाला की प्रत्येकाने घरात जायचं, दुसऱ्याला प्रार्थना सुरू, तिसरा होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. आणि आजीचा त्यावर आणखी एक नियम. शनिवारच्या प्रार्थनेला फोन पेटीत जायचा आणि सोमवारी सकाळीच बाहेर यायचा. रविवार देवाचा.

"आजी, दोनच मिनिटं," मासिना म्हणाली.

"देवाला सांग दोन मिनिटं थांबायला," आजी म्हणाली आणि हात पुढे केला.

मासिनाने फोन देता देता घाईघाईने मला तिच्या पंख्यावर लिहून घेतलं, ताडाच्या पानाचा विणलेला हातपंखा असतो ना, त्याच्या मागच्या बाजूला. म्हणजे आता मी पेटीतल्या फोनातही होतो, बारीक विणीच्या चटयांच्या घडीखाली, काळोखात, आणि पंख्यावरही होतो. आत की बाहेर, ते माझं मलाच सांगता येईना.

रविवारी मी चर्चमध्ये गेलो. पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, आणि शंभर पंखे एका लयीत हलत होते. मासिना वारा घेण्याऐवजी पंख्याकडे टक लावून बघत होती. आजीच्या ते लक्षात आलं.

"काय लिहिलंयस त्यावर? वचन आहे?"

"नाही आजी. कोड आहे."

"कसला?"

"होडीचा. फुकट मिळते."

आजीने पंखा हातात घेऊन मला उलटासुलटा बघितला. "नोहाने शंभर वर्षं घासून तारू बांधलं," ती पुटपुटली, "आणि हिला फुकट पाहिजे." मग तिने पंखा परत दिला आणि पुढचं सगळं प्रवचन मासिना रडकुंडीला येऊन बसली.

दुपारच्या जेवणात तिचं लक्ष नव्हतं. भट्टीत भाजलेले अळूचे कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पानं समोर होती, तिने दोन घास खाल्ले. इओसेफो मामा, म्हणजे आजीचा धाकटा मुलगा, भारी चेष्टेखोर. गावात शंख वाजवायचं काम त्याच्याकडेच. तो म्हणाला, "हिचं खेळातलं डुक्कर मेलेलं दिसतंय. पुरायचं की भाजायचं, विचारा."

मासिनाने ताट बाजूला सारलं. जेवणानंतर ती आजीच्या पायाशी बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. होडी, एसेता, रिकामा वाफा, सहाची वेळ. आजीने ऐकून घेतलं. तिलाही एसेताची आठवण येत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ती म्हणाली, "पोरी, आज तुझ्यासाठी पेटी उघडली तर पुढच्या रविवारी मामा कुस्ती बघायला उघडेल. नियम एकदा वाकला की सरळ होत नाही."

"पण ती वाटेल ते समजेल आजी. तिला वाटेल मला ती नको आहे."

"उद्या लिही तिला."

"उद्या काय लिहू? ती म्हणाली होती सहापर्यंत."

आजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण पेटीची किल्ली काही गळ्यातून काढली नाही.

प्रार्थनेच्या मध्येच सहा वाजले. मासिनाने डोळे घट्ट मिटले. मीही मिटले असते. मित्रांनो, मला वाटलं मी मेलो. सगळे जण तसंच म्हणत होते, माझ्याबद्दल लिहिलेल्या निरोपातही तेच होतं, आणि मला स्वतःच्या आयुष्याबद्दल दुसरं कोण सांगणार? प्रार्थना संपली तशी मासिनाने पंखा नेऊन भट्टीच्या सरपणात टाकला. पहाटे तो जळून गेला. मी मरून पडलो होतो, आता जळूनही गेलो, एवढं झाल्यावर तरी शंका उरू नये.

पण काय चमत्कार झाला कुणास ठाऊक. सोमवारी सकाळी कुणीतरी मला टाइप केलं, बहुतेक होनोलुलूच्या एका मुलाने, आणि हिरवी अक्षरं आली, ढोल वाजला, होडी लागली. मी चक्रावलो. मेलेल्या कोडाला होडी कशी येईल? मग सुवाच्या एका मुलीने टाकलं, तरी होडी. मी जिवंत होतो. इकडे ज्या मुलीसाठी मी आलो होतो ती मला मेलेला समजून शाळेत मान खाली घालून बसली होती, आणि मी तिच्याच घरातल्या फोनात धडधाकट होतो. ओरडून सांगावं म्हटलं तर मला तोंड नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त गोंधळल्यासारखं झालं.

आता तुम्ही म्हणाल, यात गोंधळ कसला, पागो पागो तारखेच्या रेषेच्या त्या बाजूला, तिथे एक दिवस मागेच असतो. बरोबर आहे. तिकडे आणि इकडे घड्याळात एकच वाजलेले असतात, पण इकडे सोमवार असला की तिकडे रविवार. पाऊण तासाच्या विमानात बसलात की काल उतरता. हे सामोआतलं शेंबडं पोरदेखील जाणतं. पण मित्रांनो, ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर सुचणं वेगळं. घड्याळ सारखंच असल्यामुळे मन फसतं. एसेताला तिकडे जाऊन तीनच आठवडे झाले होते, तिने लिहिताना विचार केला नाही. मासिनाने रडताना केला नाही. आणि आजीने तर नियमापुढे काहीच विचार केला नाही.

सोमवारी फोन सकाळीच पेटीबाहेर आला होता, पण मासिनाने त्याला हात लावला नाही. संध्याकाळी सव्वापाचला ती ओसरीवर बसून खोबरं किसत होती. तेवढ्यात फोन वाजला. पेनीना मावशी. तिला कारखान्यातून एकच दिवस सुट्टी असते, म्हणून ती दर आठवड्याला याच वेळी फोन करते. आजीला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज कायम मोठा असतो आणि घरातल्या सगळ्यांना बोलणं ऐकू येतं.

"आई, आत्ता येतोय चर्चमधून," पेनीना म्हणाली. "दुसऱ्यांदा. अजून कपडेसुद्धा बदलले नाहीत. उकाड्याने जीव गेला."

"एसेता बरी आहे?"

"तिचं काय विचारू नकोस. दुपारपासून त्या फोनला चिकटलीय. जेवली नाही धड. म्हटलं, बाई, आज रविवार आहे, ठेव तो फोन. तर म्हणते, मी धक्क्यावर बसलेय, मला उठता येणार नाही. कसला धक्का ते देव जाणे."

मासिनाच्या हातातली कवड थांबली. ती हळूच उठून आजीच्या मागे येऊन उभी राहिली.

"आजी, मावशी काय म्हणाली? आज काय आहे?"

"मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये," आजी म्हणाली आणि पेनीनाला पाद्रीबाबांच्या छपराबद्दल सांगू लागली. छपरानंतर डुक्कर व्यायल्याची बातमी, मग शेजारणीच्या गुडघ्याची. मासिना या पायावरून त्या पायावर होत होती. साडेपाच झाले. फोन आजीच्या कानाला, मी फोनात, आणि माझ्याकडे अर्धा तास उरलेला. शेजारणीचा दुसरा गुडघाही निघाला. मी आयुष्यात कुणाच्या गुडघ्याचा इतका राग केलेला नाही.

पावणेसहाला पहिला शंख वाजला. "चल, ठेवते," आजी म्हणाली, आणि तरीही पाच मिनिटं निरोप घेत राहिली. फोन खाली ठेवल्याबरोबर मासिना एका दमात म्हणाली, "आजी, तिकडे आज रविवार आहे. म्हणजे सहा अजून वाजायचे आहेत. म्हणजे कोड चालू आहे. ती अजून बसलीय."

आजीने बोटांवर वार मोजायला घेतले. दाराशी इओसेफो मामा हातात शंख घेऊन दुसऱ्या इशाऱ्याची वेळ बघत उभा होता. तो हसला. "आई, तू तरी चुकायला नको होतंस. तुझा तर आख्खा वाढदिवस गिळलाय या तारखांनी."

हे खरं होतं. आजीचा जन्म तीस डिसेंबरचा. ज्या वर्षी सरकारने सामोआला तारखेच्या रेषेपलीकडे नेलं, त्या वर्षी एकोणतीसनंतर एकदम एकतीस आली. आजीचा साठावा वाढदिवस आलाच नाही. चर्चच्या बायकांनी केलेला केक आदल्या दिवशी खायचा की नंतर, यावर तेव्हा मोठी भांडणं झाली होती. आजी अजूनही स्वतःला एक वर्षाने लहान सांगते.

पण आता ती हसली नाही. ती फोनकडे बघत राहिली. "म्हणजे पोरगी तिकडे अजून रविवारातच बसलीय," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मी इकडे पेटीवर बसलेय."

"आजी, टाकू?"

"दुसरा शंख होईल आता."

"मग?"

आजीने कमरेचं वस्त्र सारखं केलं, चटईवर मांडी घातली, गीतांचं पुस्तक उघडलं. फोन तिने उचलला आणि मासिनाच्या समोर चटईवर ठेवला. "रविवारी फोन पेटीत, असा माझा नियम आहे. आज आपल्याकडे सोमवार आहे. आणि प्रार्थनेला मी डोळे मिटते. मिटल्यावर मला काही दिसत नाही. मामालाही दिसत नाही, तो बाहेर आहे."

"मला आधीपासूनच काही दिसत नाही," मामा म्हणाला. त्याने शंख तोंडाला लावून दुसरा इशारा दिला आणि रस्त्यावर जाऊन पाठ फिरवून उभा राहिला.

आजीने पुस्तकातलं सर्वांत लांब गीत निवडलं, सात कडव्यांचं. एरवी ते फक्त नाताळात म्हणतात. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मासिना गात होती आणि बोटं चालवत होती. पहिल्या वेळी घाईत एक आकडा चुकला आणि लाल अक्षरं आली. तिचा आवाज कडव्यात अडकला. आजीने डोळे न उघडता तिची ओळही स्वतःच ओढून नेली. दुसऱ्या वेळी मासिनाने एकेक अक्षर बघून भरलं. गावातला मोबाइलचा टॉवर संध्याकाळी नेहमीच कुथत चालतो. गोल चाक फिरत राहिलं. तिसरं कडवं संपलं, चौथं सुरू झालं. पाच वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

मग हिरवी अक्षरं आली. ढोलाचा आवाज मासिनाने हाताने दाबून धरला. धक्क्याला होडी लागली होती.

पाचव्या कडव्यात तिने समुद्र ओलांडला. एसेताचं बेट दिसू लागलं. नवीन बेट होतं, चार झाडं आणि एक डुक्कर. धक्क्यावर एसेताचं छोटं माणूस बसलेलं होतं. या खेळात कुणी फोन खाली ठेवला की त्याचं माणूस आपोआप मांडी घालून बसतं. तिकडेही प्रार्थनेची वेळ झाली असणार आणि पेनीनाने फोन खाली ठेवायला लावला असणार. पण एसेताने खेळ बंद केला नव्हता. तिच्यामागे वाफा होता. अर्ध्यात अळू वाढलेलं, अर्धा नुसता खुरपून स्वच्छ ठेवलेला. त्यात एकही गवताची काडी नव्हती.

मासिनाने आपलं माणूस होडीतून उतरवलं आणि धक्क्यावर एसेताच्या शेजारी नेलं. मग तिने फोन चटईवर ठेवून दिला, हात जोडले, आणि शेवटची दोन कडवी मोठ्याने म्हटली. पडद्यावर तिचं माणूसही मांडी घालून बसलं. इकडे सोमवार, तिकडे रविवार, आणि त्या दोघी तिथे एकमेकींना लागून बसलेल्या. सहा वाजले. मी बंद झालो. खरोखरीचा, सगळीकडे एकदम.

तिसऱ्या शंखानंतर आधी एसेताचं माणूस उठलं, आणि उठल्या जागी थबकलं. मग फोनवर निरोप आला, "किती उशीर केलास."

मासिनाने लिहिलं, "तू झाडाखाली उभी होतीस तेव्हा मी वरून तुला बघत होते. मला खाली यायचं होतं. मला येता आलं नाही."

 तिकडून आलं, "माहीत आहे. तुझा पाय दिसत होता."

आजीने तो निरोप मासिनाकडून मोठ्याने वाचून घेतला आणि पदर नसल्यामुळे गीतांच्या पुस्तकानेच डोळे टिपले.

मित्रांनो, त्यानंतर माझं म्हातारपण सुरू झालं. थीयाने नवे कोड काढले, डुकरांचे, छत्र्यांचे, कसल्या कसल्या टोप्यांचे. पण कोणीतरी माझं नाव 'सध्या चालू असलेले कोड' अशा एका यादीत लिहून ठेवलंय आणि ते पुसायला कुणाला सवड नाही. त्यामुळे रोज दहावीस पोरं मला टाइप करतात. लाल अक्षरं येतात. "खोटारडा कोड," असं म्हणतात. मी कधीच खोटा नव्हतो, फक्त संपलो आहे, हे त्यांना कसं सांगू? यादी लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हात नसले तरी, की संपलेल्यांची नावं वेळेवर काढत जा. कुणाचं तरी पोर आशेने बोटं चालवत असतं.

आणि तुम्हाला एक सांगतो. मी कोण, आत की बाहेर, वापरलेला की न वापरलेला, हे मला अजूनही कळलेलं नाही आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण त्या तीन मिनिटांत मी कशासाठी आहे, एवढं मला कळलं होतं. तेव्हा कुणी दुरावलेल्याने तुम्हाला बोलावणं पाठवलं असेल, आणि तुम्हाला यायला उशीर झाला असेल, तर आपल्या घड्याळाकडे बघून "आता काय उपयोग" असं म्हणू नका. जाऊन बघा. त्याच्याकडे अजून कालच चालू असेल.